नेमणुकीनंतरचे पहिले वर्ष

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थिनीच्या वाट्याला एक पेशंट येतो. त्याची माहिती लिहून काढायची, गरजा ओळखून काळजीचा आराखडा मांडायचा, एखादी प्रक्रिया परीक्षकांसमोर करून दाखवायची. ट्रे नीट लावलेला असतो, हात धुवायला वेळ असतो आणि शिकवणाऱ्या मॅडम जवळपासच असतात. काही महिन्यांनी निकाल लागतो, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते आणि हीच मुलगी एखाद्या तीस खाटांच्या मेडिसिन वॉर्डात रात्रपाळीला उभी राहते. जमिनीवर घातलेल्या चार-पाच गाद्या वेगळ्याच. सोबत एक सीनियर सिस्टर असली तरी तिचे अर्धे लक्ष शेजारच्या वॉर्डात. रात्री दोनच्या सुमाराला कोपऱ्यातल्या आजोबांचे सलाईन संपते, सात नंबरचा ताप चढतो, कॅज्युअल्टीतून नवी अॅडमिशन वर येते आणि त्याच वेळी कुणाचा तरी मुलगा टेबलापाशी येऊन विचारतो, "सिस्टर, डॉक्टर कधी येणार?"

एका पेशंटपासून तीस पेशंटांपर्यंतचे हे अंतर तिला कोणी शिकवलेले नसते. ती ते बहुतेक वेळा एकटीने कापते, कारण दुसरा इलाज नसतो. काहीजणी वर्षभरात तयार होतात. काही वॉर्ड सोडतात. कोणी शिकवण्याकडे वळते, कोणी परदेशातल्या परीक्षांचे क्लास लावते, कोणी घरी बसते. जाणारीबद्दल "तिला झेपलं नाही" एवढे बोलून विषय मिटवला जातो. या पुस्तकाची भूमिका याच्या नेमकी उलट आहे. नोकरीचे पहिले वर्ष हा शिक्षणाचाच भाग आहे, आणि तो नीट पार पडतो की नाही याची जबाबदारी नव्या नर्सपेक्षा तिला नेमणाऱ्या हॉस्पिटलची अधिक आहे.

हा प्रश्न नवा नाही आणि आपल्या एकट्याचाही नाही. अमेरिकेत मार्लीन क्रेमर यांनी १९७४ मध्ये ‘रिअॅलिटी शॉक’ हे पुस्तक लिहिले. नर्सेस नर्सिंग का सोडतात, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांना दिसले ते असे. पहिले काही आठवडे मजेत जातात. युनिफॉर्म, ओळखपत्र, पहिला पगार, घरी त्याचे पेढे. मग धक्का बसतो. कॉलेजात शिकवलेले असते की प्रत्येक रुग्णाकडे माणूस म्हणून पूर्ण लक्ष द्या; वॉर्डात मात्र कौतुक होते ते पाळी संपायच्या आत सगळी औषधे, सगळी ड्रेसिंग आणि सगळी कागदपत्रे उरकणारीचे. या दोन शिकवणींच्या कात्रीत सापडलेली मुलगी आधी चिडते, मग थकते, आणि शेवटी काही तरी तोडगा काढते. क्रेमर यांचे महत्त्वाचे निरीक्षण या तोडग्यांबद्दल आहे. कोणी कॉलेजात शिकलेले गुंडाळून ठेवून वॉर्डाच्या वेगात मिसळते. कोणी नोकरीच सोडते. फार थोड्याजणी दोन्हींचा मेळ घालतात, म्हणजे वेगही राखतात आणि माणूसही विसरत नाहीत. हा तिसरा मार्ग आपोआप सापडत नाही. तो आधी चाललेले कोणी तरी दाखवायला लागते.

कॅनडातल्या जूडी बॉयचक डचशर यांनी पुढे याच काळाचा बारकाईने अभ्यास केला आणि पहिल्या बारा महिन्यांत नवी नर्स कोणत्या टप्प्यांतून जाते ते मांडले. आधी नुसते करत राहणे, मग आपण कोण आहोत याची जाणीव, मग कळणे. पहिल्या टप्प्यात असलेल्या मुलीकडून शेवटच्या टप्प्यातले शहाणपण मागितले की ती खचते. वॉर्डात हे रोज घडते.

पॅट्रिशिया बेनर यांचे काम मात्र यात सगळ्यांत जास्त वेळ देऊन वाचण्यासारखे आहे. ह्यूबर्ट आणि स्टुअर्ट ड्रेफस या बर्कलीतल्या दोन भावांनी बुद्धिबळपटू आणि वैमानिक यांचे कौशल्य कसे वाढत जाते याचा अभ्यास केला होता. बेनर यांनी तीच पट्टी नर्सिंगला लावली आणि १९८४ मध्ये ‘फ्रॉम नोव्हिस टू एक्स्पर्ट’ हे पुस्तक लिहिले. नवखेपणापासून प्रावीण्यापर्यंत त्यांनी पाच पायऱ्या सांगितल्या. नुकतीच पास झालेली नर्स यांतल्या दुसऱ्या पायरीवर असते. तिला नियम माहीत असतात, पण समोरच्या दहा गोष्टींपैकी कोणती आधी आणि कोणती नंतर, हे तिला ठरवता येत नाही. तिच्या दृष्टीने सगळेच सारखे निकडीचे असते. अनुभवी सिस्टर वॉर्डाच्या दारातून आत येतानाच एका खाटेकडे पाहून म्हणते, "याचं काही तरी बिनसलंय." विचारले तर कारण सांगता येत नाही. तासाभरात त्या पेशंटचा रक्तदाब उतरलेला असतो. बेनर म्हणतात की हे अंतर्ज्ञान म्हणजे जन्मजात देणगी नव्हे, शेकडो पेशंट पाहून अंगात मुरलेले ज्ञान आहे. या विधानाचा एक अर्थ हॉस्पिटल चालवणाऱ्यांनी मनावर घ्यायला हवा: असे ज्ञान पुस्तकात छापून देता येत नाही. ते ज्याच्याकडे आहे त्याच्या शेजारी उभे राहूनच मिळते.

असे मुरलेले ज्ञान काय करू शकते, हे मुंबईने २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री पाहिले. कामा हॉस्पिटलात अतिरेकी शिरले तेव्हा रात्रपाळीवर असलेल्या अंजली कुलथे यांनी आपल्या वॉर्डातल्या वीस गरोदर बायकांना एका छोट्या पॅन्ट्रीत हलवले. गोळीबार चालू असताना त्यांतल्या एकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा तिला भिंतीच्या आधाराने प्रसूतिगृहापर्यंत नेले. अशा रात्रीसाठी कोणत्याही अभ्यासक्रमात धडा नसतो. कोणत्या खोलीला जाड भिंत आहे, कोणती बाई किती दिवसांची आहे, कोणाचा रक्तदाब वाढलेला आहे, हे त्यांना ठाऊक होते, कारण तो वॉर्ड त्यांचा होता. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर आपला अनुभव सांगितला. पहिल्याच महिन्यातल्या मुलीकडून कोणी ही अपेक्षा करणार नाही. पण अशी नर्स तयार व्हायची तर पहिल्या महिन्यातली मुलगी वॉर्डात टिकायला हवी.

आपल्या शिक्षणव्यवस्थेने हे अंतर कमी करायचा प्रयत्न केलेला नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९४७ च्या कायद्यानुसार स्थापन झालेली इंडियन नर्सिंग कौन्सिल अभ्यासक्रम ठरवते. जीएनएमच्या तीन वर्षांत शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचे आहेत. चार वर्षांच्या बीएस्सी नर्सिंगलाही २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमानंतर सत्र पद्धत आली आणि शेवटचे सत्र इंटर्नशिपला दिले गेले. कागदावर हे पुरेसे वाटते. अडचण अशी की इंटर्नशिपच्या काळातही ती विद्यार्थिनीच असते. तिने लिहिलेल्या नोंदीखाली दुसऱ्या कोणाची तरी सही असते. नेमणूक झाली की सही तिची, आणि उद्या काही चुकले तर खुलासाही तिचाच. शिवाय सगळी कॉलेजे सारखी नाहीत. जी मुलगी मोठ्या सरकारी हॉस्पिटलात शिकली तिने प्रसूती, जळीत, सर्पदंश सगळे पाहिलेले असते. जिच्या कॉलेजच्या स्वतःच्या हॉस्पिटलात खाटा होत्या पण पेशंट नव्हते, तिने बऱ्याच गोष्टी पुतळ्यावरच केलेल्या असतात. दोघींच्या हातात प्रमाणपत्र एकच, आणि रुजू झाल्यावर ड्यूटीही एकच. म्हणून पहिल्याच आठवड्यात नव्या सिस्टरला काय येते आणि काय येत नाही, हे शांतपणे बसून विचारले पाहिजे. हे विचारण्यात कमीपणा नाही, आणि खरे उत्तर देण्यातही नाही.

एक साधी गोष्ट जवळून पाहू. इन्सुलिन. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच बाटल्यांत एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, तर पेनच्या काडतुसांत आणि काही बाटल्यांत १०० युनिट. सिरिंजही दोन तऱ्हेच्या. चाळीसच्या सिरिंजचे टोपण लाल, शंभरच्या सिरिंजचे नारिंगी. पिवळ्या बल्बच्या उजेडात, पहाटे सहाला, हे दोन रंग फार जवळचे दिसतात. ऑर्डर आहे वीस युनिटची. शंभरचे इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजमध्ये वीसच्या खुणेपर्यंत भरले तर पेशंटला प्रत्यक्षात पन्नास युनिट जातात. उलटे झाले, चाळीसचे इन्सुलिन शंभरच्या सिरिंजने दिले, तर फक्त आठ. पहिल्या चुकीत साखर इतकी उतरू शकते की पेशंट बेशुद्ध होईल. दुसऱ्या चुकीत साखर खाली का येत नाही म्हणून डोस वाढवला जाईल आणि मूळ गोंधळ कोणाच्या लक्षातही येणार नाही. कॉलेजात हा हिशेब शिकवलेला असतो, परीक्षेत मार्कही मिळालेले असतात. तरीही चूक होते, कारण परीक्षेत सिरिंज एकच असते आणि वॉर्डातल्या खणात दोन्ही एकत्र पडलेल्या असतात. अशा ठिकाणी नव्या मुलीला "लक्ष देत जा" असे बजावून भागत नाही. इन्सुलिन, हेपरिन, पोटॅशियम क्लोराइड यांसारखी औषधे देण्याआधी दुसऱ्या नर्सने बाटली, सिरिंज आणि खूण डोळ्यांनी पाहायची, हा नियम लावावा लागतो आणि दोन्ही सिरिंजचे खण वेगळे करावे लागतात. ही कामे परिसेविकेची आणि स्टोअरची आहेत, नवखीची नाहीत.

दुसरी गोष्ट श्वास मोजण्याची. तापमान, नाडी, रक्तदाब आता यंत्र दाखवते. श्वास मात्र घड्याळ हातात धरून, पोटाची किंवा छातीची हालचाल पाहत, पूर्ण एक मिनिट मोजावा लागतो. घाईत हे मिनिट वाचवले जाते आणि चार्टवर वीस लिहिले जाते. खालच्या रकान्यातही वीस, त्याखालीही वीस. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये धोक्याची आगाऊ सूचना देणारी गुणपद्धत काढली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. तिच्यात मिनिटाला १२ ते २० श्वास म्हणजे शून्य गुण, आणि २५ किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे एकट्या त्या नोंदीचे तीन गुण. याचा अर्थ असा की न मोजता लिहिलेले वीस पेशंटला धोक्याच्या यादीतून बाहेर काढते. नवी मुलगी हे आळसाने करत नाही. ती चार्ट भरायला वॉर्डाकडूनच शिकते. तिच्या आधीच्या पाळीतल्या रकान्यांत वीस लिहिलेले तिने पाहिलेले असते. तिच्या शेजारी बसून एखादी सिस्टर नाडी धरल्याचे दाखवत गुपचूप श्वास मोजायला शिकवते, पेशंटला कळले तर तो श्वास बदलतो हेही सांगते, तेव्हा ती सवय त्या मुलीला आयुष्यभर पुरते.

श्वास तीस आहे असे कळले, पुढे काय? डॉक्टरांना फोन करायचा. नवख्या नर्सला सगळ्यांत जड जाणारे काम हेच. रात्रीचे तीन वाजलेले, रेसिडेंट डॉक्टर आत्ताच आडवा झालेला, आणि फोनवर काय बोलायचे ते सुचत नाही. "सर, बारा नंबरचा जीव घाबरा होतोय म्हणतो," एवढेच तोंडातून निघते. पलीकडून विचारणा होते, "बीपी किती? सॅच्युरेशन किती? कशासाठी अॅडमिट आहे?" ती केसपेपर शोधायला धावते आणि फोन कट होतो. दुसऱ्या वेळी फोन करायला ती कचरते, आणि पेशंटचे नुकसान होते ते त्या कचरण्यामुळे. यावर एक उत्तम उपाय आहे आणि त्याला पैसा लागत नाही. अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवर वापरली जाणारी निरोपाची पद्धत मायकेल लिओनर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कैसर पर्मनंटे या संस्थेत वॉर्डासाठी बेतली, आणि ती एसबार या नावाने जगभर गेली. आत्ता काय घडते आहे, पेशंट कशासाठी दाखल आहे, मला काय वाटते, मला काय हवे आहे, या क्रमाने चार वाक्ये. "सर, बारा नंबर, श्वास तीस, सॅच्युरेशन अठ्ठ्याऐंशी. न्यूमोनियासाठी काल दाखल. सकाळपेक्षा जास्त धाप आहे. आपण येऊन पाहावं, तोवर ऑक्सिजन लावते." ही वाक्ये तोंडात बसायला सराव हवा. तो टेबलाशी बसून पाच मिनिटांत होतो; फक्त कोणी तरी समोर डॉक्टर होऊन बसायला हवे.

मदत करणाऱ्यांइतकीच अडवणारी माणसेही वॉर्डात असतात, हे लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेत जूडिथ माइस्नर यांनी १९८६ मध्ये नर्सेसच्या एका मासिकात, आपण आपल्याच पिल्लांना खातो आहोत का, असा थेट प्रश्न विचारला होता. आपल्या वॉर्डांतही त्याचे उत्तर अनेकदा होकारार्थी येते. सर्वांदेखत ओरडणे, "कॉलेजात हेच शिकवलं का?" असा टोमणा मारणे, सणाच्या सगळ्या नाईट नव्यांच्या गळ्यात घालणे, मदत मागितली की मान फिरवणे. हे करणाऱ्या सिस्टर मुळात वाईट नसतात. त्यांच्या पहिल्या वर्षी त्यांच्याशीही असेच वागले गेले, आणि "आम्ही सोसलं, तुम्हीही सोसा" हा वारसा त्यांनी पुढे दिला. तो कुठे तरी थांबला पाहिजे. ओरडा खाल्लेली मुलगी पुढची चूक सांगत नाही, झाकते. औषधाची झाकलेली चूक पेशंटच्या जिवावर बेतू शकते.

वॉर्ड दुसराही वारसा देतो. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातल्या नर्स अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हॉस्पिटलातच हल्ला झाला आणि त्या पुन्हा कधीच पूर्ण शुद्धीवर आल्या नाहीत. १८ मे २०१५ ला त्यांचे निधन झाले. त्या एकेचाळीस वर्षांहून अधिक काळात केईएमच्या नर्सेसनी त्यांना भरवले, अंघोळ घातली, कूस बदलली, आणि इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या शरीराला बेडसोर होऊ दिले नाहीत. सर्वोच्च न्यायालयासमोर हॉस्पिटलच्या अधिष्ठात्यांनी जे निवेदन दिले त्यात एक गोष्ट नोंदलेली आहे: नर्सिंगच्या विद्यार्थिनींच्या प्रत्येक नव्या तुकडीची त्यांच्याशी ओळख करून दिली जाई आणि त्या आपल्यापैकीच एक होत्या, असे सांगितले जाई. ज्या मुली त्या हल्ल्याच्या वेळी जन्मल्याही नव्हत्या, त्यांनी पुढे त्यांची काळजी घेतली. चांगले काम पिढ्यान्‌पिढ्या पुढे कसे जाते, याचे याहून ठोस उदाहरण आपल्या आरोग्यसेवेत सापडणे अवघड आहे. तीच घटना नवख्या नर्सच्या सुरक्षिततेचाही प्रश्न विचारते. कपडे बदलायला कुलूप लागणारी खोली आहे का, रात्री पॅसेजमध्ये दिवे आहेत का, दंगा करणाऱ्या नातेवाइकांना आवरायला सुरक्षारक्षक किती वेळात येतो? वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरच्या हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. तो आहे हे आणि तक्रार कुठे करायची हे नव्या मुलीला पहिल्याच दिवशी सांगितले गेले पाहिजे.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट सांगायला हवी: सुई टोचली तर काय करायचे. नवखे हात सुईवर टोपण परत बसवायला जातात आणि तिथेच टोचते. एचआयव्हीबाधित रक्ताच्या सुईने संसर्ग होण्याचा धोका सुमारे ०.३ टक्के आहे. हिपॅटायटिस बीची लस न घेतलेल्या व्यक्तीला त्या रोगाचा धोका ६ ते ३० टक्के. म्हणजे ज्याची भीती सर्वाधिक वाटते त्याहून लसीने टळणारा धोका कित्येक पट मोठा आहे. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. बऱ्याच मुली ओरडा बसेल म्हणून सांगतच नाहीत आणि हे तास निघून जातात.

मनुष्यबळाचा मुद्दा टाळून या विषयावर लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. इंडियन नर्सिंग कौन्सिलचे निकष सर्वसाधारण वॉर्डासाठी, सगळ्या पाळ्या मिळून, अध्यापन रुग्णालयात तीन पेशंटमागे एक आणि इतरत्र पाच पेशंटमागे एक नर्स मागतात. रजेसाठी वर तीस टक्के. प्रत्यक्षात किती वॉर्डांत हे दिसते, ते प्रत्येक वाचकाने आपल्या जवळच्या हॉस्पिटलात जाऊन पाहावे. लिंडा एकिन यांनी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ हॉस्पिटलांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेच्या पेशंटांत, नर्समागे एकेक पेशंट वाढला की तीस दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढत होती. नवख्या नर्सच्या पाठीवर हे ओझे सर्वांत आधी पडते. शिकवायला वेळ नाही म्हणून तिला शिकवले जात नाही, ती सोडून जाते, जागा रिकामी होते, आणि उरलेल्यांना शिकवायला आणखी कमी वेळ मिळतो.

पगाराचेही तसेच. खासगी हॉस्पिटलांतल्या नर्सेसचे वेतन आणि कामाच्या अटी यांसाठी समिती नेमण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये दिला. समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या हॉस्पिटलातही महिना किमान २०,००० रुपये, आणि दोनशेहून जास्त खाटांच्या ठिकाणी सरकारी वेतनाइतके वेतन सुचवले. शिफारशी राज्यांवर सोपवल्या गेल्या. छोट्या शहरांत नव्याने पास झालेल्या मुलीला या आकड्याच्या बऱ्याच खाली रुजू व्हावे लागते, वर मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेऊन बाँड लिहून घेतला जातो. ज्या हॉस्पिटलला माणसे टिकवायची आहेत त्याने त्यांची कागदपत्रे कपाटात बंद करू नयेत, हे इतके उघड आहे की ते लिहावे लागते याचेच वाईट वाटते.

मग चालते काय? अमेरिकेत २००२ पासून काही मोठ्या हॉस्पिटलांनी नव्या नर्सेससाठी वर्षभराचा रेसिडेन्सी कार्यक्रम सुरू केला. पुढे तिथल्या राज्य नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने तीन राज्यांतल्या १०५ हॉस्पिटलांत अभ्यास केला. जिथे नव्या नर्सला सामावून घेण्याची पक्की, आखीव व्यवस्था होती तिथे चुका कमी होत्या आणि नोकरी सोडणाऱ्याही कमी होत्या. सहाव्या महिन्यापासून नवव्या महिन्यापर्यंतचा काळ सर्वांत नाजूक, हे त्यातून पुढे आले. पहिल्या महिन्यात सगळे विचारपूस करतात. सहाव्या महिन्यात ती तयार झाली असे धरून सगळे पाठ फिरवतात, आणि तेव्हाच तिला कोणी तरी हवे असते. जपानने तर एप्रिल २०१० पासून कायद्यातच तरतूद केली की नव्या नर्सच्या प्रशिक्षणासाठी प्रयत्न करणे हे हॉस्पिटलचे कर्तव्य आहे. आपल्याकडे असा कायदा नाही. मात्र ३ मे २०२१ ला, कोविडची दुसरी लाट ऐन भरात असताना, बीएस्सी आणि जीएनएम झालेल्या नर्सेसना कोविडच्या कामावर घ्यावे असे केंद्र सरकारने जाहीर केले, तेव्हा अनुभवी डॉक्टर आणि नर्स यांच्या देखरेखीखाली, असे शब्द त्यात होते. आणीबाणीतही ज्याची गरज सरकारला वाटली, ती देखरेख नेहमीच्या दिवसांत वगळण्याचे कारण उरत नाही.

महाराष्ट्रातल्या साध्या शंभर खाटांच्या हॉस्पिटलात याचे रूप कसे असेल, ते पुढच्या प्रकरणांत सविस्तर येईल. इथे थोडक्यात. पहिले काही आठवडे नव्या सिस्टरचे किंवा ब्रदरचे नाव ड्यूटी लिस्टमध्ये जास्तीचे म्हणून लिहायचे, वॉर्डाच्या मोजलेल्या हातांत धरायचे नाही. तिच्यासाठी एकच मार्गदर्शक सिस्टर नेमायची आणि दोघींच्या पाळ्या जुळवायच्या. रोज नव्या माणसाच्या हाताखाली दिले तर कोणीच कोणाला शिकवत नाही. मार्गदर्शक होणारीचे पेशंट त्या काळापुरते कमी करायचे आणि या कामाची नोंद तिच्या गोपनीय अहवालात व्हायला हवी. पाळी बदलतानाची ओव्हर टेबलावर बसून रजिस्टरमधून न देता खाटेपाशी उभे राहून द्यायची, म्हणजे सलाईनचा वेग, लघवीची पिशवी, टाक्यांची जागा दोघींनीही पाहिलेली असते. तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात अधिसेविकेने अर्धा तास काढून विचारायचे: झोप लागते का, भीती कशाची वाटते, कुठली गोष्ट अजून येत नाही. केरळहून किंवा ईशान्येकडून आलेल्या मुलीला वऱ्हाडातल्या किंवा कोकणातल्या आजींचे बोलणे कळायला मावशींइतका चांगला शिक्षक नाही; तेवढ्यासाठी मावशींना मान द्यायला शिकवले तरी पुष्कळ होते.

या पुस्तकाचे वाचक दोन प्रकारचे असतील. ज्या मुली आणि जे मुलगे नुकतेच रुजू झाले आहेत, त्यांनी सुरुवातीची प्रकरणे आधी वाचावीत आणि ज्या पानावर अडेल ते पान घेऊन आपल्या सिस्टरकडे जावे; विचारलेल्या प्रश्नाने आजवर कोणा पेशंटचे नुकसान झालेले नाही. परिसेविका, अधिसेविका आणि हॉस्पिटलचे व्यवस्थापक यांनी मात्र शेवटच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, कारण ते ड्यूटी लिस्टबद्दल आहे. पुढच्या महिन्याची ड्यूटी लावताना पहिल्या तीन महिन्यांतल्या एकाही नर्सचे नाव रात्रपाळीत एकटे लिहू नये, एवढी एक विनंती त्यांनी आजच मान्य करावी.